सुकलाल आप्पा आणि होडीवाल्याची पोरगी

साठीला टेकलेला एक माणूस रोज दुपारी तीन वाजता जमिनीवर मांडी घालून कार्टूनचा सिनेमा बघतो. सोबत नातवंडं वगैरे कोणी नाही, एकटाच. सिनेमा इंग्रजी, आणि याला इंग्रजी किती येतं? अजिबात नाही. हा माणूस आमच्या भिंतीपलीकडच्या खोलीत राहतो, त्याचं नाव सुकलाल आप्पा, आणि पांडेसऱ्याच्या कापड कारखान्यांतला सगळ्यात वाया गेलेला कामगार कोण असं मला कोणी विचारलं असतं, तर मी त्यांच्याच दाराकडे बोट दाखवलं असतं.

मी स्पष्ट लिहिते. पत्रकं लिहून लिहून हाताला गोड बोलायची सवय राहिलेली नाही.

आमचं पाच-सहा जणांचं मंडळ आहे. लूमच्या खात्यात, म्हणजे जिथं एका छपराखाली शंभरेक यंत्रमाग धडधडतात तिथं, माणसं बारा-बारा तास उभी राहतात. त्यांच्या कानांचं काय होतं हे शेठ विचारत नाही, सरकार विचारत नाही, म्हणून आम्ही विचारतो. वर्षातून एकदा कान तपासा आणि कानात घालायला बोळे द्या, एवढीच मागणी. कामगार कचेरीतल्या साहेबानं अर्ज बाजूला सरकवला आणि सांगितलं, खात्यातला एखादा जुना माणूस माझ्यासमोर उभा करा, त्याच्या तोंडून ऐकतो. आता जुना माणूस म्हणजे आप्पाच. अमळनेरकडून आले तेव्हा मिसरूड फुटत होतं. तेव्हापासून त्याच खात्यात, त्याच रांगेत, रात्रपाळीला. मला त्यांच्याकडून फक्त पाच वाक्यं हवी होती. ती मिळाली तर अर्ज पुढे जाणार होता, नाहीतर नाही.

आणि आप्पा मला सांगायचे होडीवाल्याच्या पोरीबद्दल.

ही पोरगी त्यांच्या पेनड्राइव्हमध्ये राहते. जाड भिंगाचा चष्मा, दोन वेण्या, बरोबर एक लंगडं बदक. बाप नदीत होडी चालवतो आणि पोरीला पलीकडच्या काठावर पाय ठेवू देत नाही. झाली गोष्ट. एवढ्याशा गोष्टीत नऊ गाणी आहेत, आणि त्या नऊ गाण्यांवर आप्पांनी जेवढा विचार केलाय तेवढा स्वतःच्या हक्कांवर केला असता तर आज खात्यात बसायला बाकडी तरी आली असती.

त्यांचा पहिला सिद्धांत मुतारीचा. मी अर्जाची फाईल घेऊन गेले होते आणि त्यांनी मला हा सिद्धांत ऐकवला. "आपला पिच्चरमा गानं लागनं का मानूस मुतरीले जास," आप्पा म्हणाले. "परत येस तवय हिरो तठेच ऱ्हास." म्हणजे जाऊन आलं तरी काही बिघडत नाही, हिरो होता तिथंच असतो. कार्टूनात मात्र गाणं चालू असताना उठलात तर मेलात. गाणं सुरू होतं तेव्हा पोरगी या काठावर होडीत बसून बापाला भीत असते, आणि तीन मिनिटांनी गाणं संपतं तेव्हा ती त्या काठावर उभी असते, चप्पल हातात घेऊन. घाबरट पोरगी गेली, दुसरी आली. गाण्यानं काम केलं. जे गाणं काम करत नाही ते आप्पांच्या मते पगार खाऊन बिडी ओढणारं गाणं.

मी फाईल पुढे केली. त्यांनी ती बदकाच्या गाण्यासाठी बाजूला ठेवली.

दुसरा सिद्धांत त्यांच्या धंद्यातून आला होता. आप्पांच्या मागावर नक्षीच्या साड्या निघतात. तिथं आधी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याची कार्डं बनतात. त्या भोकांप्रमाणे धागे वरखाली होतात आणि मग साडीवर मोर उमटतो. कार्टूनात गाणं म्हणजे ते कार्ड, असं आप्पांचं म्हणणं. गाणारी बाई आधी गाऊन घरी जाते. मग कितीतरी माणसं तिच्या आवाजावर पोरीचं तोंड काढतात, हात काढतात, वेणी काढतात. हे त्यांनी मोबाईलवर कुठंतरी पाहिलं होतं आणि त्या दिवसापासून त्यांची नजर बिघडली होती.

मी म्हटलं, आप्पा, आपल्याही सिनेमात गाणं आधीच रेकॉर्ड होतं आणि हिरो नंतर ओठ हलवतो. यात नवीन काय?

"हिरो ऐकस," आप्पा म्हणाले. "पन मांगलं झाड कोठे ऐकस?"

त्यांचा मुद्दा असा की आपला हिरो तालावर नाचतो, पण त्याच्या मागचं झाड आपल्याच नादात उभं असतं, त्याला गाण्याचं काही देणंघेणं नसतं. कार्टूनात झाडानंसुद्धा गाणं ऐकलेलं असतं. पाण्यानं ऐकलेलं असतं, बदकानं ऐकलेलं असतं, वल्ह्यानं ऐकलेलं असतं. पान आपोआप पडत नाही. कोणीतरी ते बरोबर तालावर पाडलेलं असतं. हे सांगताना त्यांचं बोट गुडघ्यावर टकटक चालू. मला वाटलं, या माणसाला कारखान्यात पडणारी माणसं दिसत नाहीत आणि कार्टूनातलं पान दिसतं. कमाल आहे.

इंग्रजीचं कारणही मी एकदा विचारलं. हिंदीत केलेला तोच सिनेमा मोबाईलच्या दुकानदारानं त्यांना भरून दिला होता. आप्पांनी दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह परत नेऊन दिला. हिंदीत पोरीचं तोंड खोटं बोलतं म्हणे. आवाज एक, ओठ भलतेच. दुकानदारानं विचारलं, काका, पण इंग्रजी समजतं का? तर म्हणाले, समजायचं काय त्यात, तोंड खरं पाहिजे. दुकानदार अजून हे लोकांना सांगून हसतो. मीही हसले होते.

माझ्या पत्रकांवरही त्यांनी मत दिलं. एक पत्रक वाचून काढलं, घडी घातली आणि म्हणाले की यात गाणं नाही. पहिल्या ओळीत मागणी, शेवटच्या ओळीत तीच मागणी, मधे कोणी काठ सोडलाच नाही. तेव्हापासून ते मला 'पत्रकबाई' म्हणतात. समोरच्या चहावाल्यानंही तेच सुरू केलं.

बोलताना माणसाच्या डोळ्यांकडे बघायचं सोडून ते थेट तोंडाकडे बघत बसतात. मला त्याचा फार राग यायचा. आई म्हणायची, खात्यातले सगळे तसेच असतात, जाऊ दे. त्यांची मुलगी संगीता शिरपूरला असते. तिचा फोन आला की आप्पा दारात उभं राहून "बरं शे, बरं शे, ठेव" एवढं म्हणून बंद करतात. ती बिचारी मग माझ्या आईला फोन करून रडते, बाबा असे का वागतात विचारते. आई काय सांगणार? मी सांगितलं असतं. बाबांना बदक आवडतं, तुम्ही आवडत नाही.

आणि आवाज. दुपारी तीनला त्यांचा टीव्ही असा सुटायचा की आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. आई घरी बसून साड्यांना खडे चिकटवते. तिचा हात थरथरायचा. शेवटी मी एक कागद लिहून त्यांच्या दारावर डकवला: दुसऱ्यांच्या कानांचा विचार करा, नाहीतर चाळीतर्फे तक्रार करण्यात येईल. मी भांडणाच्या तयारीत होते. आप्पांनी तो वाचला, "बरं" म्हणाले आणि त्या दिवसापासून भिंतीपलीकडून चूं नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात यशस्वी पत्रक ते. मी मंडळात उदाहरण म्हणून सांगितलं होतं.

साक्षीला मात्र हो नाही आणि नाहीही नाही. दर वेळी एक नवीन गाणं. शेवटी मी ठरवलं की या माणसाला विचारण्यात अर्थ नाही, छापूनच टाकू. नाव छापलं की माणूस येतोच, लाजेनं का होईना. आमच्या कामात हे नेहमी करतात. वर जाड अक्षरांत 'कान आमचे, मग निर्णय त्यांचा का?' आणि खाली त्याहून जाड अक्षरांत 'चाळीस वर्षं लूमवर उभे असलेले सुकलाल आप्पा साहेबांसमोर बोलणार'. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुटताना खात्याच्या दारात वाटायचं ठरलं. दुपारी गठ्ठा उचलून मी आधी त्यांच्याकडे गेले, त्यांना त्यांची प्रत द्यायला.

दार उघडं होतं. त्यांची पाठ माझ्याकडे, तोंड टीव्हीकडे. मी हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा नुसतं ओरडले आणि चौकटीवर हात आपटला. आप्पा हलले नाहीत. मला वाटलं, मुद्दाम. तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की खोलीत पंख्याखेरीज कशाचाच आवाज नाही. पडद्यावर होडीवाल्याची पोरगी तोंड भरून गात होती आणि आवाजाच्या जागी शून्य होतं. आप्पांचं बोट गुडघ्यावर पडत होतं. वल्हं पाण्यात शिरलं की बोट पडायचं. वेणी उजवीकडे गेली की पडायचं. एकदाही चुकलं नाही.

माझी सावली पडली तेव्हा ते वळले आणि सवयीप्रमाणे माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

मी पत्रक दिलं. त्यांनी ते सावकाश वाचलं, स्वतःच्या नावावर अंगठा ठेवला आणि विचारलं, वाटलं का? मी मान हलवली, नाही, उद्या. मग त्यांनी गठ्ठा माझ्या हातून घेतला आणि मांडीवर ठेवला, एखादं पोर घ्यावं तसा, दोन्ही हातांनी.

"तपासशीन तर काय निंघीन?" ते म्हणाले. "मना दोन्ही कान गयात. शेठले माहीत नही."

किती दिवस झाले, मी विचारलं. तेही मी हळूच विचारलं, आणि त्यांना कळलं, कारण त्यांनी ते ऐकलंच नव्हतं, बघितलं होतं. बरीच वर्षं झाली होती. आधी पाखरं गेली, मग बायकांचे आवाज, मग सगळंच. टीव्ही मोठा केला की छातीत थोडं धडधडायचं, ते पोरीच्या ओठांशी जुळतं की नाही कळायचं, तेवढं शिल्लक होतं. तेही माझ्या कागदानं बंद केलं होतं. खात्यात माग बिघडला तर? त्यांनी तळहात जमिनीवर टेकवून दाखवला. मागाच्या चौकटीवर हात ठेवला की समजतं, कानापेक्षा आधी समजतं.

मी त्यांना कायदा सांगायला लागले. भरपाई, डॉक्टरचा दाखला, शेठ असं कसं काढू शकतो. आप्पा माझ्या ओठांकडे बघत राहिले आणि मग त्यांनी हातानं मला थांबवलं.

"खात्यामा कोनलेच ऐकू येत नही वं," ते म्हणाले. "तठे सगळा तोंड देखीसन बोलतस. तठे मी सगळासारखा. तठून काढं, तर मी कोनशी बोलू?"

शेठनं त्यांचे कान खाल्ले आणि बदल्यात जगात एकच जागा ठेवली जिथं कान लागत नाहीत, आणि ती जागाही शेठचीच. माझा राग आजही तसाच आहे, तो कमी झालेला नाही. पण त्या दुपारी त्या रागाचा आप्पांना काडीचा उपयोग नव्हता. साहेबासमोर उभं करायला माझ्याकडे आता कोणी नव्हतं.

मी पर्समधून दोन पेनं काढली. एक त्यांना दिलं. आम्ही समोरासमोर बसून एकेका पत्रकावरचं त्यांचं नाव खोडायला लागलो, खालचं अक्षर दिसणार नाही इतकं दाट. ते माझ्यापेक्षा नीट खोडत होते, रेघ सरळ. पडद्यावर सिनेमा चालूच होता. नदीचं गाणं पुन्हा आलं तसं त्यांचं पेन थांबलं.

"एक सांगशी का पत्रकबाई? तिना आवाज कसा शे? जाड का बारीक?"

मी रिमोट घेऊन आवाज वाढवला आणि ऐकलं. दोन वर्षं भिंतीपलीकडून मी हे गाणं नुसतं सोसलं होतं. जाड नाही, म्हटलं. बारीकही नाही. जरा घोगरा आहे, सुरुवातीला. मग, मग तसा राहत नाही. पुढे शब्द सुचेना. निषेध, तात्काळ, अन्यथा, असले शब्द मला ढिगानं येतात. घोगरा आवाज मोकळा कसा होतो, त्याला काय म्हणतात, ते कधी लिहायची वेळच आली नव्हती. आप्पा वाट बघत होते.

मी गाणं परत पहिल्यापासून लावलं आणि टीव्हीच्या बाजूला, त्यांच्याकडे तोंड करून बसले. इंग्रजी शब्द मलाही धड पकडता येत नव्हते, म्हणून नुसतं ला-ला करत, तोंड होईल तेवढं उघडून, गायला लागले. मी शाळेतल्या प्रार्थनेनंतर गायलेले नव्हते. पलीकडे आईचे खडे थांबले असावेत. आप्पा एकदा माझ्या तोंडाकडे, एकदा पोरीच्या तोंडाकडे, पुन्हा माझ्याकडे असे बघत होते, कपाळाला आठी घालून, खराब निघालेलं कापड उजेडात धरून बघावं तसे.

मग त्यांनी हात वर केला.

"थांब," आप्पा म्हणाले. "तू मांगे पडनी. वल्हं पडनं का तोंड उघड."

मी गाणं पुन्हा सुरुवातीला नेलं आणि वल्ह्याकडे बघत बसले.