रुईला हळद

जयवंता पंचमीला माहेरी गेली त्याच दिवशी नागेशने एक लहानसा निर्णय घेतला. (नागेशने आजवर घेतलेल्या निर्णयांचा इतिहास पाहता तो त्याने घ्यायला नको होता.) निर्णय असा, की बायको परत यायच्या आत क्वार्टरसमोरच्या अंगणात फुलपाखरांची बाग करायची.

त्याला कारण होतं. निघताना जयवंता पिशवी घेऊन दारात बराच वेळ उभी राहिली होती. नवरा काहीतरी बोलेल, निदान लवकर ये म्हणेल, असं तिला वाटत असावं. नागेशला बोलायचंही होतं. पण नेहमीप्रमाणे घशाशी आलेलं घशातच अडकलं आणि तोंडातून निघालं, "रॉकेलचं कार्ड कुठं ठेवलंय?" तिने कार्ड काढून दिलं आणि ती सुप्याच्या एसटीत बसली. गाडी दिसेनाशी झाल्यावर नागेशला स्वतःची इतकी लाज वाटली, की भवानीनगरच्या स्टँडवर त्याने उगाचच एका अनोळखी म्हातारीचं गाठोडं उचलून दिलं.

साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात तो क्लार्क होता. ऊस कुणाचा, कुठला, कधी लावला, हे सगळं त्याला पाठ. बायकोला काय आवडतं ते मात्र विचारायचं राहून गेलं होतं. नाही म्हणायला एकदा तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली होती, की सुप्याच्या माळावर पाऊस सरला की फुलपाखरंच फुलपाखरं, आणि हितं बघावं तिकडं ऊस. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि तिच्या आवडीचं म्हणून नागेशला ठाऊक असलेलं एवढं एकच होतं.

खात्यातला रविराज हा बागेच्या बाबतीत जाणकार समजला जाई. (त्याच्या घरी एक मनीप्लांट होता.) त्याच्या सल्ल्याने बारामतीच्या नर्सरीतून जिनिया आणि झेंडू आले, कुंपणाला घाणेरी लागली. फुलपाखरं आली, फुलांवर बसली, आणि आलेल्या पाहुण्यांनी चहा पिऊन उठावं तशी निघून गेली. तेव्हा रविराजने कुठल्याशा रविवारच्या पुरवणीतलं ज्ञान बाहेर काढलं. फुलपाखरू नुसत्या फुलाने टिकत नाही. त्याच्या पिल्लांना खायला लागतं ते झाड दाराशी हवं. केशरी रंगाचं, काळ्या काठाचं जे मोठं फुलपाखरू असतं, त्याला रुईच लागते. तिच्यावरच ते अंडी घालतं.

झालं. नागेशने कालव्याच्या कडेची एक रुई मुळासकट खणून आणली आणि अंगणाच्या मधोमध लावली.

रुई माळावर कशीही वाढते, पण अंगणात आणली की तिला नखरे सुचतात. दुसऱ्याच दिवशी तिने माना टाकल्या. नागेश हवालदिल झाला. खणताना मुळाला कुदळ लागली होती, तिथे कीड लागू नये म्हणून त्याने हळद भरली. बुंध्याला मुंग्या लागल्या म्हणून बुंध्यालाही हळद लावली. झाड कलायला लागलं, तर घरात सुतळी सापडेना. मग देवघरातलं वाती वळायचं पांढरं सूत घेऊन त्याने ते रुईला आणि काठीला गोल गोल गुंडाळलं. ऊन लागू नये म्हणून ट्रंकेतली हाताला आली ती पिवळी साडी चार काठ्यांवर घातली. तांदळाचं धुवण मुळाला चांगलं, असं रविराज म्हणाला, म्हणून रोज आंघोळ झाली की टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेतच तो मुळाशी धुवण ओतायचा. चार तांदूळ पानांवरही पडायचे.

आता ही गोष्ट पुढे न्यायच्या आधी दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली अशी, की जयवंता ही नागेशची दुसरी बायको. पहिली लग्नानंतर वर्षभरातच तापाने गेली. दुसरी अशी, की आमच्या भागात तिसरं लग्न लाभत नाही असं मानतात. म्हणून ज्याला तिसरी बायको करायची असेल त्याचं आधी रुईशी लग्न लावतात. रुईला हळद लावतात, सूत गुंडाळतात, साडी नेसवतात, अक्षता टाकतात. रुई तिसरी झाली की खरी नवरी चौथी ठरते आणि सगळं निर्वेध पार पडतं.

नागेशला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तो कळंबचा, लहानपणी त्याने असं एक लग्न जेवलेलंही होतं. पण त्याच्या डोक्यात त्या वेळी फुलपाखरांखेरीज दुसऱ्या कशालाही जागा नव्हती.

शेजारच्या कुशाबाईंना मात्र भिंतीवरून सगळं दिसत होतं. हळद दिसली, सूत दिसलं, साडी दिसली. तरीही त्या गप्प राहिल्या, कारण जयवंतावर त्यांचा जीव होता आणि नसती शंका घ्यायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण मग नागेश झाडाशी बोलायला लागला.

त्याचं असं झालं, की जयवंता आल्यावर या खेपेला काहीतरी चांगलं बोलायचंच, असा त्याने निश्चय केला होता. सवय नसल्यामुळे तालीम लागणार. ती रुईसमोर बरी पडे. झाड मध्येच उठून भांडी घासायला जात नाही. रोज संध्याकाळी तो साडीखाली उकिडवा बसून तीच तीन वाक्यं हळू आवाजात म्हणायचा. कुशाबाईंनी ती ऐकली, आणि सुप्याच्या बाजाराला निघालेल्या एका बाईबरोबर जयवंताच्या माहेरी निरोप धाडला, की नागेशराव तिसरीच्या तयारीला लागलेत.

रविवारी सकाळी दारात जीप थांबली. नागेश तेव्हा टॉवेलवर, ओल्या अंगाने, रुईपुढे गुडघे टेकून बसला होता. जीपमधून सासरे बिरदेव उतरले, सासूबाई आक्काबाई उतरल्या, भावकीतले दोन फेटेवाले उतरले, आणि सगळ्यात शेवटी जयवंता उतरली. तिचे डोळे सुजलेले होते. झाड बघायला येऊन फाटकाशी उभा असलेला रविराज सायकलवर बसला आणि मागे न बघता गेला.

आक्काबाईंनी साडी ओळखली. ती त्यांच्या लेकीच्या हळदीची साडी होती. त्या तिथेच खाली बसल्या. कॉलनीतल्या घराघरांतले टीव्ही बंद झाले आणि माणसं कुंपणाला लागली.

बिरदेवांनी आवाज चढवला नाही, त्यामुळे नागेशला जास्तच मेल्यासारखं झालं. ते म्हणाले, "पाव्हणं, आमच्या लेकीचं काय चुकलं तेवढं सांगा. मग तिला घिऊन जातो आमी."

नागेशने टॉवेल सावरला आणि सांगितलं, की हे सगळं फुलपाखरांसाठी चाललंय. फेटेवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. अंगणात त्या घटकेला एकही फुलपाखरू नव्हतं. मग नागेशने घाईघाईने रुईचं एक पान उलटून त्यावरची अळी दाखवली. काळे, पांढरे, पिवळे पट्टे असलेली, चांगली गुबगुबीत.

"ही बघा. हिचंच फुलपाखरू हुतंय."

बिरदेवांनी चष्मा लावून पाहिलं. "अळी हाय," ते म्हणाले. "आमी जल्मभर अळ्या मारल्या. पाळल्या न्हाईत."

कुंपणावर कुणीतरी हसलं. नागेशला वाटलं, कुदळीने आपल्यापुरता एक खड्डा त्याच दिवशी खणून ठेवायला हवा होता. जयवंता त्याच्याकडे बघत नव्हती. ती साडीकडे बघत होती. ती आता परत जीपमध्ये बसणार आणि आपण रॉकेलच्या कार्डाबद्दलच काहीतरी विचारणार, हे त्याला स्पष्ट दिसायला लागलं.

तेवढ्यात कुशाबाई पुढे आल्या. अळीबिळी सगळं थोतांड आहे, आपण कानाने ऐकलंय, असं त्यांनी सांगितलं. काय ऐकलं ते सगळ्यांसमोर सांगा, असं फेटेवाले म्हणाले. नागेशने हात जोडले, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कुशाबाईंनी कमरेवर हात ठेवले आणि एक शब्द न गाळता म्हणून दाखवलं.

"'तू न्हाईस तर घर खायाला उठतंय. तू दारात पिशवी घिऊन उभी ऱ्हायलीस, तवाच बोलायला पायजे हुतं. मला बोलाय जमत न्हाय, पर तुझ्याबिगर करमत न्हाय.' असं रोज म्हनत्यात. झाडाला."

नागेशचे कान इतके तापले की ओले केस वाळले असते. भर कॉलनीत, सासूसासऱ्यांसमोर, टॉवेलवर, त्याच्या मनातलं सगळं शेजारणीच्या तोंडून बाहेर पडलं होतं.

जयवंताने मान वर केली. "पिशवी घिऊन उभी ऱ्हायलीस, असं म्हनत हुते?"

"व्हय. रोज."

जयवंताने पदर खोचला. मग वडिलांकडे वळून म्हणाली, "आबा, चला घरात. च्या टाकते. तिसरी बायकू करायची तर आधी तिला इचारावं लागतंय. साखर कारखान्यात ऱ्हाऊन, च्यात साखर कमी पडतीया हे मला सांगाया ह्यास्नी चार वर्सं लागली."

हा मुद्दा सगळ्यांना एकदम पटला. बिरदेवांनी "ते बी खरंच" म्हणून चष्मा काढला. फेटेवाल्यांनी मान डोलावली. आक्काबाईंनी डोळे पुसले आणि जावयाकडे इतक्या दयेने पाहिलं, की आरोप होता तोच बरा होता असं नागेशला वाटून गेलं. कुंपणावरच्या एकाही माणसाने, निदान त्याचं मन राखायला म्हणूनसुद्धा, शंका काढली नाही.

चहा घेऊन जीप गेली. लेक मागे राहिली. संध्याकाळी जयवंताने रुईवरची साडी काढून घडी घातली, अळीला धक्का न लावता, आणि ती पायरीवर येऊन बसली.

"आता मला सांगा," ती म्हणाली. "झाडाला सांगितलं ते."

नागेश तिच्यासमोर उभा राहिला. दोनदा खाकरला. "तू न्हाईस तर..." तो म्हणाला, "घर खायाला उठतंय." आणि पुढचं घशात अडकलं. जयवंता वाट बघत होती. दारात पिशवी घेऊन बघत होती तशीच. नागेशने रुईकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, स्वतःच्या चपलांकडे पाहिलं.

भिंतीपलीकडून कुशाबाईंचा आवाज आला, अगदी हळू, मदतीच्या सुरात.

"'तू दारात पिशवी घिऊन', नागेशराव. तितनं पुढं धरा."

आणि नागेशने, दुसरा काही इलाजच नसल्यामुळे, तिथून पुढे धरलं.