रॉयस्टनला आवडलेला पिक्चर

कुडाळच्या थिएटरातून बाहेर पडताना जेनिसने विचारलं, "कसा वाटला पिक्चर?" आणि रॉयस्टन म्हणाला, "फारच छान." पुढचं सगळं या दोन शब्दांमुळे झालं.

सावंतवाडीचा रॉयस्टन गोव्यातल्या एका कारखान्यात कामाला होता. जेनिस मालवणात चौथीच्या वर्गाला शिकवायची. दोन्ही घरांना स्थळ पसंत होतं. शब्द देण्याआधी मुलांनी एकमेकांशी नीट बोलावं म्हणून त्यांना दुपारच्या खेळाला पाठवलं होतं. पिक्चर चालू असताना बोलायचं कसं, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

पिक्चर निवडला होता रॉयस्टनने. 'आखिरी कोडवर्ड' नाव, हेरगिरीची गोष्ट आणि सगळ्यात गाजलेली नट-नटीची जोडी, म्हणजे चुकायला जागाच नव्हती. प्रत्यक्षात नायक भर रात्री काळा चष्मा लावून परदेशांतून हिंडत होता. नायिका उंच पुलावरून खालच्या चालत्या बोटीत उडी मारत होती आणि तिचा एक केसही हलत नव्हता. देशाची वीज बंद करायला निघालेला खलनायक तेवढा मनापासून काम करत होता. रॉयस्टन जांभया गिळत बसला. पण शेजारी जेनिस पुढे वाकून बघत होती. तिला आवडलंय तर आपण कशाला विरस करा, असं वाटून तो ते दोन शब्द बोलला.

जेनिसने घरी जाऊन सांगितलं, "तेका पिक्चर खूप आवाडलो."

तिचे वडील कुस्तोदियो हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. माणूस काय बघून खूश होतो त्यावरून त्याची पारख होते, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर त्यांनी बायकोला, ॲनीला, गाडीत घातलं आणि कुडाळ गाठलं. ॲनी सुरुवातीच्या पाट्या पडायच्या आधीच झोपली. कुस्तोदियो पेपर तपासायला बसल्यासारखे शेवटपर्यंत ताठ बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी जेनिसचा फोन आला. "पप्पांनी पिक्चर बघितला. तुम्हाला घरी बोलावलंय."

रॉयस्टनला वाटलं, शब्द मिळाला. तो नवा शर्ट घालून, मिठाईचा मोठा पुडा घेऊन मालवणात हजर झाला. कुस्तोदियोंनी पुडा बाजूला ठेवला आणि समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बस. तुका तो पिक्चर आवाडलो मां?"

"होय अंकल."

"तो रातचो काळो चष्मो कित्याक घालता?"

रॉयस्टन गडबडला. पण एकदा छान म्हटल्यावर आता माघार कशी घ्यायची? "कोणी वळखूचा नाय म्हणान."

"मगे हिरोईनीन तेका वळाखल्यान कसा?"

"चष्म्यावरसून."

कुस्तोदियोंनी मान हलवली. नापास मुलाला दाराबाहेर उभं करताना ते अशीच मान हलवत. "बरा. त्या व्हिलनाक देशाची लाईट घालवची आसा. तेच्यासाठी तो इतको खर्च कित्याक करता? आमच्या हंय नुसतो वारो सुटलो तरी जाता."

"तो... तो वाऱ्याची वाट बगूक शकणा नाय, अंकल. घायत होतो."

कुस्तोदियो उठले आणि आत गेले. तिथे ते ॲनीशी हळू आवाजात बोलले. पण हेडमास्तरांचा हळू आवाज अंगणापर्यंत सहज पोचायचा. "पोरगो सोभावान बरो आसा गो. पण डोक्याचा काय खरा नाय. आपल्या जेनिसाक जन्मभर ह्येच्याशी बोलाचा आसा."

पिक्चरपायी जेनिस हातची जाणार, हे दिसताच रॉयस्टन उठून थेट स्वयंपाकघराच्या दारात गेला. "अंकल, माका तो पिक्चर अजिबात आवाडाक नाय. कंटाळलंय मी. जेनिसाक बरा वाटूचा म्हणान बोललंय."

"म्हणजे खोटा बोललंस," कुस्तोदियो म्हणाले. "आता माका सांग, हुशार म्हणून खोटारडो जावई करू?"

उत्तर ॲनीकडे होतं. ती मासे साफ करता करता, वर न बघता म्हणाली, "लग्नाआधी तुमी म्हटल्यात, तुझो गळो बरो आसा. आता मी चर्चात कॉयरात गातंय, तर तुमी सगळ्यात मागच्या बाकार जावन बसतास."

कुस्तोदियोंनी घसा साफ केला. खिडकीबाहेर बघितलं. मग रॉयस्टनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जेवन जा."

दोघे बाहेर येऊन बसले आणि त्या पिक्चरची पिसं काढू लागले. चष्मा झाला, वीज झाली, पुलावरची उडी झाली. हसता हसता रॉयस्टनच्या डोळ्यांत पाणी आलं. दारात उभी असलेली जेनिस मात्र हसत नव्हती.

"माका खरोखरच आवाडलेलो," ती म्हणाली.

रॉयस्टनने डोळे पुसले.

"दिवसभर पोरांका शिकवतंय, धावू नको, उडी मारू नको, पडशीत. त्या हिरोईनीन कोणाक इचारल्यान नाय. सरळ उडी मारल्यान." आतापर्यंत ती रॉयस्टनशी ऑफिसात बोलावं तसं मराठी बोलत होती. आज पहिल्यांदाच घरचं बोलली. "माका तो परत बगूचो आसा. येशीत?"

रॉयस्टनने मदतीसाठी कुस्तोदियोंकडे पाहिलं. त्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

"येतलंय," रॉयस्टन म्हणाला. "पण माका झोप येतली."

जेनिसला हसू आलं. "ह्या खरा बोललंस," ती म्हणाली आणि मिठाईचा पुडा फोडला.

शनिवारी दुपारी थिएटरात चौघंच होती. ॲनी बसल्या बसल्या झोपली आणि थोड्या वेळाने रॉयस्टनही घोरू लागला. जेनिसने त्याला उठवलं नाही. कुस्तोदियो केवळ सोबत म्हणून आले होते, निदान त्यांनी तसं सांगितलं होतं. पण नायिका पुलाच्या कठड्यावर चढली, तसे ते खुर्चीत पुढे सरकले आणि कोपराने ॲनीला ढोसत म्हणाले, "ऊठ गो, आता बग ही काय करता."