मागच्या सीटवरचे काल्मानकाका

गेर्बनचं ठाम मत होतं, की जोडसायकलवर नवरा-बायकोचं भांडण होऊच शकत नाही. निघण्याआधी महिनाभर त्याने हॉलंडच्या फ्रीसलंड प्रांतातल्या आपल्या गावात हे प्रत्येकाला ऐकवलं. बेकरीवाल्याला ऐकवलं, पाद्र्याला ऐकवलं, घटस्फोट झालेल्या शेजाऱ्याला तर दोनदा ऐकवलं.

"दोन सायकली असल्या की एक पुढे जातो, एक मागे राहतो, मग रुसवेफुगवे सुरू," तो म्हणायचा. "आमचं तसं नाही. सायकल एक, सीटं दोन, पायडल चार. एकाच वेळी निघायचं, एकाच वेळी पोचायचं. थेट काळ्या समुद्रापर्यंत. भांडायला जागाच कुठे आहे?"

भांडायला जागा होती. पुढच्या आणि मागच्या सीटच्या मधोमध, साधारण हातभर.

जोडसायकलवर पुढे बसतो त्याच्या हातात हँडल, ब्रेक, गिअर, घंटी आणि सगळा युरोप असतो. मागे बसतो त्याच्या हातात एक मुका दांडा आणि नाकासमोर पुढच्याची घामट पाठ. गेर्बनच्या बायकोने, वीत्स्केने, तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. अर्ध्या गावाला तिने गाडी शिकवली. तिच्या पायाखाली तेव्हा स्वतःचा वेगळा ब्रेक असायचा, आणि तो ती सढळ पायाने दाबायची. अशा बाईला गेर्बनने मागच्या सीटवर बसवून ऱ्हाईन ओलांडली, जर्मनी पार केला, ऑस्ट्रिया संपवला आणि डॅन्यूबच्या काठाकाठाने हंगेरीत आणलं.

गेर्बन स्वतः कालव्यावरच्या उचलत्या पुलाचा रखवालदार होता. बोट आली की पूल वर, मोटारी थांबल्या. बोट गेली की पूल खाली. उभं आयुष्य लोकांना थांबवण्यात गेल्यामुळे निवृत्तीनंतर आपण कशासाठीही थांबायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. देवळं, किल्ले, आइस्क्रीम, सगळं चालत्या सायकलवरून.

हंगेरीत मात्र वीत्स्के अडून बसली. तिला गरम पाण्याच्या झऱ्याच्या हौदात बसायचं होतं. तिथे जिथे खणावं तिथे गरम पाणी लागतं आणि जिथे लागतं तिथे लोक पोहायचे कपडे घालून बुद्धिबळ खेळत बसतात. "फक्त एक दुपार," ती म्हणाली. गेर्बन म्हणाला, "आज वारा पाठीशी आहे." आणि हौदाचं गाव टाळण्यासाठी त्याने जवळचा रस्ता काढला. जवळचा रस्ता मक्याच्या शेतात शिरला, मक्यातून चिखलात शिरला, आणि चिखलात वीत्स्केचा डावा बूट कायमचा राहिला.

दुसऱ्या दिवशी ती बाजारातून घेतलेल्या हिरव्या रबरी चपला घालून न्याहारीला आली.

"तू माझं ऐकतच नाहीस," ती म्हणाली.

"ऐकतो की."

"मी आत्ता काय म्हणाले?"

"मी तुझं ऐकत नाही, असं म्हणालीस."

"त्याच्या आधी?"

गेर्बनने पावाला लोणी लावायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंनी लावलं. तरी आठवेना.

"ठीक आहे," वीत्स्के म्हणाली. "आजपासून मी सायकलवर एक शब्द बोलणार नाही."

हे गेर्बनला फार काही भयंकर वाटलं नाही. त्यांच्यात खुणा ठरलेल्या होत्याच. मागून पाठीवर एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे सगळं ठीक आहे, चल. संसाराला आणखी काय लागतं?

दुपारी ते नदीकाठच्या एका खानावळीत माशांचा लालभडक रस्सा जेवले. न बोलता. जेवण झाल्यावर गेर्बन बाहेर येऊन सायकल धरून उभा राहिला आणि मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज बघू लागला. वारा आज समोरून होता, म्हणून त्याचं डोकं आधीच फिरलेलं. त्याने पावसाळी कोटाची टोपी कानांवर ओढून गळ्याशी घट्ट बांधली.

समोरच्या बसथांब्यावर एक धिप्पाड म्हातारे उभे होते. काळा सूट, कल्लेदार पांढऱ्या मिशा, हातात लाल ग्लॅडिओलसचा गुच्छ. हे काल्मानकाका. त्यांची बायको पिरोश्का भांडून पुढच्या गावी बहिणीकडे जाऊन राहिली होती, आणि तिला आणायला ते निघाले होते. भांडण कशावरून? काकांनी तिच्या धुतलेल्या गालिच्यावर मासे साफ केले होते. बस मात्र रविवारची येत नाही, हे त्यांना थांब्यावर बराच वेळ उभं राहिल्यावर आठवलं.

खानावळवालीला जर्मन येत होतं, वीत्स्केलाही येत होतं. सगळी हकीकत तिला कळली. गालिच्याचं ऐकून तिला पिरोश्का सख्ख्या बहिणीसारखी वाटली. आणि खानावळवाली बोलता बोलता म्हणाली, की मागच्या अंगणात आमचाही एक छोटासा गरम पाण्याचा हौद आहे.

वीत्स्के तडक गेर्बनच्या मागे जाऊन उभी राहिली.

"गेर्बन, मी येत नाही. हे गृहस्थ माझ्या जागी बसतील, यांना पुढच्या गावात सोड. मी संध्याकाळच्या बोटीने येते."

"हं," गेर्बन म्हणाला.

"ऐकलंस ना? हे बसतील. मी नाही."

"हं, हं."

झालं. वीत्स्के हौदाकडे गेली. काल्मानकाकांनी फुलं सूटच्या आत खोचली आणि मागच्या सीटवर बसले. गेर्बनच्या पाठीवर दोन थापा पडल्या. म्हणजे काकांनी आपल्या परीने 'आभारी आहे बाबा' म्हटलं. सायकल निघाली.

आता मागे वळून बघितलं नाही का, असं कुणीही विचारेल. नाही बघितलं. एक तर जोडसायकलवर पुढच्याने मान वळवली की सायकल खड्ड्यात जाते. दुसरं म्हणजे आधी वळून बघेल तो हरला, असं गेर्बनने सकाळीच मनाशी ठरवलं होतं.

पण पहिल्याच चढावर तो चकित झाला. समोरून वारा, तरी सायकल अशी पळत होती, जणू मागे बैल जुंपलाय. काकांना बायकोकडे पोचायची घाई होती आणि मांड्या ओंडक्यासारख्या होत्या. गेर्बनला वाटलं, ही रागाने पायडल मारतेय. मग वाटलं, ही एवढं मारू शकते, तर आजवर मारत का नव्हती? आणि मग, चढ संपता संपता, त्याच्या काळजात कसंसंच झालं. बिचारी. एक शब्द बोलत नाही, रबरी चपला घालून, आणि एवढी मेहनत.

"वीत्स्के," तो समोर बघत म्हणाला, "त्या बुटाबद्दल मला वाईट वाटतं."

मागून काही नाही.

"रस्ता माझाच चुकला. मला माहीत होतं, पण मान्य करायचं जिवावर आलं."

पाठीवर दोन हलक्या थापा पडल्या. त्याचं असं होतं, की डच भाषा काल्मानकाकांना ओ की ठो कळत नव्हती, पण दुःखी माणसाचा आवाज कोणत्याही भाषेत कळतो. हा गडी कशाने तरी गांजलेला आहे, एवढं त्यांनी ओळखलं. कशाने, हे ओळखायला त्यांना फार डोकं लागलं नाही. तेही लग्न झालेलेच होते.

थापांनी गेर्बनला धीर आला. मग तो थांबेचना. तिची सुटकेस स्टेशनवर विसरलो ते. तिचा मेकअपचा डबा जड म्हणून कलोनहून टपालाने घरी पाठवून दिला ते. ड्रायव्हिंग स्कूलच्या निरोप समारंभात मी फुटबॉलची मॅच ऐकत होतो ते. दर कबुलीला मागून दोन थापा. एका मोठ्या कबुलीनंतर तर चक्क खांदा दाबला गेला. इतकं प्रेम गेर्बनला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही मिळालं नव्हतं. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. ते वाऱ्याने आलं, असं त्याने नंतर सांगितलं.

वाटेतल्या वस्त्यांवर लोक काम सोडून बघत होते. एरवी प्रत्येक देशात कुणी ना कुणी ओरडायचंच, "अहो, मागची बाई पायडल मारत नाहीये." आज कुणी तसं म्हणालं नाही. लोक पोट धरून हसत होते, टाळ्या वाजवत होते. एकदा एका ट्रॅक्टरवाल्याने टोपी काढली. आपली इथे फारच कीर्ती झालेली दिसते, असं गेर्बनला वाटलं.

मग पाठीवर एकच थाप पडली, खणखणीत. गेर्बनने ब्रेक दाबला, पाय टेकला, चेहऱ्यावर क्षमाशील हसू आणलं आणि वळला.

मागे मिशा होत्या.

पुढची काही मिनिटं नीट सांगता येणार नाहीत. गेर्बनच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून समोरच्या घरातून दोन बायका धावत आल्या. एक पिरोश्का, दुसरी तिची बहीण एतेल्का. एतेल्काने ऑस्ट्रियात हॉटेलात बरीच वर्षं भांडी घासली होती, त्यामुळे तिला जर्मन यायचं.

"माझी बायको पडली," गेर्बन जर्मनमध्ये तिला म्हणाला. "वाटेत कुठेतरी पडली, आणि हा माणूस तिच्या जागी चढला."

"चालत्या सायकलवर?" एतेल्काने विचारलं.

गेर्बनने घाईघाईने वीत्स्केचा मोबाइल लावला. तो मागच्या कॅरिअरच्या पिशवीत वाजला.

एतेल्काने काकांकडे चौकशी केली. काका फुलं बाहेर काढत होते. फुलांची मान मोडली होती, पण पिरोश्काने ती घेतली. काका चार वाक्यं बोलले.

"ते म्हणतात, तुमच्या बायकोनेच त्यांना बसवलं," एतेल्काने सांगितलं. "तुम्हाला दोनदा सांगितलं म्हणे. तुम्ही हं म्हणालात."

गेर्बन पायरीवर बसला. एतेल्काने त्याच्या हातात जर्दाळूच्या दारूचा पेला दिला. इकडे काल्मानकाकांना वाटलं, या सद्गृहस्थाने आपली बायको आपल्याला मिळवून दिली, आता याची याला आणून दिली पाहिजे. त्यांनी पिरोश्काला खूण केली. ती मागे बसली, काका पुढे बसले, आणि दोघं वाऱ्यासारखी निघाली.

"कुठे चाललेत?" गेर्बनने विचारलं.

"तुमच्या बायकोला आणायला."

"तिला बसवणार कुठे?"

एतेल्काने थोडा विचार केला आणि पेला परत भरला.

खानावळीत वीत्स्के हौदातून बाहेर येऊन टॉवेल गुंडाळून लांगोश, म्हणजे तिकडची तळलेली गरम पोळी, खात होती. आपली सायकल परत येताना तिने पाहिली, आणि तिच्यावर पुढेही परका माणूस, मागेही परकी बाई. आधी तिला वाटलं, गेर्बनने वैतागून सायकल विकली. मग खानावळवालीने काकांचं म्हणणं जर्मनमध्ये सांगितलं, आणि तिचं लांगोश तोंडातच राहिलं.

काका घरी गेले. पिरोश्काची बॅग बहिणीकडेच राहिली होती, म्हणून ती परत मागे बसली, आणि पुढे कोण बसणार हे कुणी विचारलंच नाही. वीत्स्केने हँडल धरलं. ब्रेक दाबून बघितला. पुन्हा दाबून बघितला. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून खानावळवालीलाही उगाच बरं वाटलं.

ती एतेल्काच्या दारात उतरली तेव्हा गेर्बन तिसऱ्या पेल्यावर होता.

"सबंध वाटभर माझ्या कागाळ्या केल्यास म्हणे," ती म्हणाली.

"कागाळ्या? मी माफी मागत होतो."

"कुणाची?"

"तुझी."

"कुणाजवळ?"

गेर्बनने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "काकांना विचार ना. साक्षीदार आहेत ते."

"विचारलं. ते म्हणाले, बिचारा अगदी रडकुंडीला आला होता, बायको फार छळत असणार. मी त्याला धीर देत होतो."

"अगं, त्यांना डच कळत नाही."

"मग मला कळतं. मला सांग."

"इथे?"

एतेल्काने खुर्ची जवळ ओढली. पिरोश्काही बॅग भरायची थांबली. डच दोघींनाही येत नव्हतं, पण चुकवायची इच्छा नव्हती. मिशांपुढे जे झऱ्यासारखं वाहिलं, ते बायकोपुढे आटलं.

"ठीक आहे," वीत्स्के पुढच्या सीटवर बसत म्हणाली. "वाटेत सांग. मागून."

मागून गेर्बनने सुरुवात केली. बुटापासून.

"काय? ऐकू येत नाही," वीत्स्के पुढून म्हणाली.

त्याने आवाज चढवला. तरी ऐकू येईना. वारा सगळे शब्द उचलून मागे टाकत होता. पुढच्या सीटवर बसलं की मागचं खरोखरच काही ऐकू येत नाही, हे त्या संध्याकाळी वीत्स्केच्या लक्षात आलं. अर्थात ते तिने गेर्बनला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "आणखी मोठ्याने."

डॅन्यूबच्या काठाने मग एक जोडसायकल गेली. पुढे हिरव्या रबरी चपला घातलेली एक ताठ बाई, मागे घशाच्या शिरा ताणून ओरडणारा माणूस. "चूक माझी होती" हे वाक्य त्याने इतक्या वेळा ओरडलं, की शेवटी घसा बसला. आपलं बोलणं या देशात कुणाला कळत नाही, एवढंच काय ते समाधान होतं.

दिवस मावळताना ते तंबू ठोकायच्या मैदानावर पोचले. मैदानभर चाकांवरच्या घरांसारख्या कॅरावान उभ्या होत्या, आणि बहुतेक सगळ्यांवर डच नंबर. गेर्बन तंबूची खुंटी हातात घेऊन तसाच उभा राहिला. शेजारच्या कॅरावानमधून एक टकले गृहस्थ दोन खुर्च्या घेऊन आले.

"आम्ही हॉलंडमधल्या आसन गावचे," ते अगदी अदबीने म्हणाले. "दुपारपासून इथले सगळे नदीवर गळ टाकून बसलो होतो. तुमचं सगळं ऐकलं. नीट ऐकू आलं, पाण्यावरून आवाज छान येतो. एकच गोष्ट राहिली, ती बायकोने विचारून यायला सांगितलंय. तुमच्या सासूबाई ऐंशीव्या वाढदिवसाला केक घेऊन, तुम्हाला भेटायला एवढ्या लांब, जर्मनीत पासाउच्या स्टेशनवर आल्या, आणि वारा पाठीशी होता म्हणून तुम्ही थांबला नाहीत. बरोबर?"

गेर्बनने मान हलवली. आवाज नव्हताच.

"मग त्यांना परत कोण घेऊन गेलं?"

गेर्बनने वीत्स्केकडे पाहिलं. वीत्स्के खुर्ची उघडून निवांत बसली होती.

"तिथपर्यंत आलो नाही अजून," ती म्हणाली. "उद्या निघाल्यावर सांगणार आहे तो. तुम्ही कोणत्या बाजूला गळ टाकणार?"