रॅकेट, कपॅसिटर आणि निरोपाचं भाषण

रविवारी दुपारी हेडक्लार्कने ठरवलं, की रॅकेट आपणच दुरुस्त करायची. तसा निर्णय किरकोळ. पण या गृहस्थाच्या हातून किरकोळ असं काही होतच नाही, त्याला आपण तरी काय करणार!

सोमवारी मोठे साहेब निवृत्त व्हायचे होते. एकवीस वर्षं ज्या खुर्चीवर डोळा ठेवला, ती आता आपलीच, या आनंदात हेडक्लार्कने निरोपाचं भाषण चांगलं सहा पानी लिहिलं होतं. ते आरशासमोर घोकायला उभा राहिला, तर कानाशी डास. आणि डास मारायची रॅकेट नेमकी बंद!

"अहो, फेकून द्या ती," आतून बायको म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. "उघडणारच असाल, तर आतल्या कपॅसिटरला हात लावू नका. त्यात वीज साठून राहते. आधी स्क्रूड्रायव्हरने त्याची दोन्ही टोकं जोडून तो रिकामा करा. आणि एक हात खिशात ठेवा, दोन्ही लागले तर वीज छातीतून जाते."

"अगं, बॅटरी काढलीय मी! घरात तरी वर्ग भरवू नकोस."

पण शेवटचा नियम मात्र त्याने पाळला. (ऑफिसातही तो परिपत्रकाची शेवटचीच ओळ वाचायचा.) डावा हात खिशात घातला. उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर. मग सर्किट धरायचं कशाने? त्याने ते दातांत धरलं.

फट्!

जबडा खाडकन मिटला आणि जीभ मधे सापडली. किंकाळी ऐकून बायको धावत आली. हेडक्लार्कने तोंड धरून, खिशातला हात तिला अभिमानाने दाखवला.

"अहो, नियम हातांचा होता!" तिने कपाळावर हात मारला. "तोंडाचा वेगळा सांगायला हवा, हे माझ्या कसं लक्षात आलं नाही? आठवीतली पोरंसुद्धा सर्किट चावत नाहीत हो!"

सोमवारी जीभ सुजून तोंडात मावेना. सभेत नाव पुकारलं तसा तो उठला. "हा... हाहेब..." एवढंच निघालं, आणि जीभ दाताला लागून अशी कळ गेली की डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्याने पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा कळ, पुन्हा पाणी. सगळी सभा मुसमुसायला लागली. टायपिस्टबाईंनी तर हुंदकाच दिला.

साहेब उठले आणि त्यांनी त्याला मिठी मारली. "कंपनी मला दोन वर्षं मुदतवाढ देत होती," ते म्हणाले. "आज मी नकार कळवणार होतो. पण माझ्या जाण्याने ज्याची वाचा बसली, त्याला सोडून कसा जाऊ? राहतो मी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. हेडक्लार्क जीव तोडून 'नाही, नाही' अशी मान हलवत होता, तिकडे कोण बघतो!

संध्याकाळी दारातच बायकोने विचारलं, "कसं झालं भाषण?"

त्याने टेबलावरची पेन्सिल उचलली आणि कागदावर लिहिलं, 'नको तितकं प्रभावी.'