टिपाडावरचे चेअरमन

किसनआबा कुणाच्या घरी गेले की खुर्चीवर बसत नाहीत, बाजेवर बसत नाहीत. ते पाण्याच्या टिपाडावर बसतात. आधी "झाकण कुठाय?" असं विचारतात, सापडलं की ते नीट बसवतात आणि वर स्वतः चढून बसतात. "आता वाऱ्यानं उडत न्हाई," म्हणतात आणि मग घरच्यांची खुशाली विचारतात.

हे आबा म्हणजे आमच्या गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. धोतर, पांढरी टोपी आणि कपाळावर कायमची आठी. संस्थेत फॅट कमी लागलं तर आबांना काही वाटत नाही, पण कुणाच्या दारात भरलेली बादली उघडी दिसली की त्यांचा रक्तदाब वाढतो.

शहरातल्या माणसाला वाटतं, दुष्काळात घराघरात पाण्याचा ठणठणाट असतो. तसं नसतं. टँकर कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून तो आला की आम्ही हौद, टिपाड, घागरी, बादल्या, लेकरांच्या अंघोळीचा टबसुद्धा काठोकाठ भरून ठेवतो. बाहेर नदी कोरडी आणि घरात न्हाणी तुडुंब. आबा नेमके याच्यावर बोट ठेवतात. "बुडायला नदी लागती व्हय? बादली पुरती. आन बुडणारं लेकरू वरडत न्हाई."

एकदा शेजारच्या पोरीला बघायला पाहुणे आले. गावातला मोठा माणूस म्हणून आबांना बोलावलेलं, ते सवयीप्रमाणे टिपाडावर. मुलाच्या वडलांनी पाय धुवायला पाणी मागितलं. आबा उठले, एक तांब्या काढला, झाकण लावलं आणि परत बसले. दुसऱ्या पाहुण्यानं मागितलं. पुन्हा उठले, पुन्हा बसले. शेवटी मुलाचे वडील कानात बोलल्यासारखं म्हणाले, "चेअरमन, टिपाडात काय दडवलंय?" आता सोयरीक मोडते म्हणून पोरीच्या आईनं पदर तोंडाला लावला. पण ज्या घरात पाणी एवढं जपतात तिथली पोर संसार नीट करणार, असा पाहुण्यांनी हिशेब केला आणि सुपारी फुटली. आबा मात्र सुपारीलाही खाली उतरले नाहीत.

आबांना मूलबाळ नाही. लोक मागून म्हणायचे, ज्याला एक लेकरू नाही त्याला सगळ्या गावाच्या लेकरांची काळजी. मीही त्याला हसलेय.

मग आमच्या डाळिंबासाठी आमच्या ह्यांनी शेततळं घेतलं. तळाला आणि चारी बाजूंना तो काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरला, विहिरीचं पाणी सोडलं आणि जलपूजन ठेवलं. सगळ्यांनी नारळ आणले. आबांनी सोल आणला, जाड दोरखंड, जागोजाग गाठी मारलेला आणि टोकाला रिकामा डबा बांधलेला.

"ह्यो कागद घसरतो बे," ते ह्यांना म्हणाले. "म्हैस पडली तर वर येत न्हाई, तिथं मानूस कसा येईल? चारी बाजूला सोल सोड. आन तारेचं कुंपण घाल."

"आबा, आमची परी अजून एवढीशी आहे. ती कुठं जाते तिकडं?" हे म्हणाले.

"सभावानं कशी हाय?"

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, कौतुकानं म्हणाल्या, "लई गुणी हाय. ठिवलं तिथं बसती. आवाज म्हून न्हाई."

आबांचा चेहरा पडला. "वांड लेकराचं भ्या न्हाई, बाई. गुणी लेकराला जपा," म्हणाले आणि प्रसाद न घेताच गेले. दुसऱ्या दिवशी संस्थेनं आमचं दूध घेतलं नाही.

हे भांडायला गेले. दुधाचा आणि कुंपणाचा काय संबंध, असं विचारलं. आबा शांतपणे म्हणाले, "दूध कुनासाठी काढतोस? लेकरासाठीच ना? मंग आधी लेकरू जपून ठिव." कुंपण होईपर्यंत मी घरात खवा आटवत बसले आणि प्रत्येक उकळीला आबांचा उद्धार करत होते. ह्यांनी कुंपण घातलं. आबा येऊन तार ओढून बघून गेले. जाता जाता न्हाणीतल्या बुटक्या हौदावर कडप्प्याची फरशी टाकायला लावली, तेव्हा कुठं आमचं दूध संस्थेत गेलं.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी टँकर आला. मी पाइप घेऊन पळाले, आत्याबाई घागर घेऊन. परी त्यांच्याजवळ आहे असं मला वाटलं, माझ्याजवळ आहे असं त्यांना. टँकरपाशी आम्ही एकमेकींसमोर आलो आणि दोघींच्याही कडेवर कुणी नव्हतं.

कुणी गल्लीकडं धावलं, कुणी टँकरच्या चाकाखाली वाकून बघितलं. मी तळ्याच्या वाटेला लागणार, तेवढ्यात रांग लावत असलेले आबा पाइप टाकून आमच्या घराकडं निघाले.

"पहिलं घरातलं पानी बघा. मंग गल्ली."

मी परी, परी म्हणून हाका मारत त्यांच्या मागं धावले. ओ येत नव्हती. आबा मागं न बघता म्हणाले, "ती ओ देनार न्हाई. गुणी हाय."

असं वाक्य कुणी शत्रूलाही ऐकवू नये. अंगणातलं टिपाड बंद होतं. बादल्या रिकाम्या होत्या. न्हाणीचं दार आबांनी ढकललं.

हौदावर फरशी जागच्या जागी होती. फरशीवर मांडी घालून, गुडघ्यांवर हात ठेवून, कपाळाला आठी पाडून परी बसली होती.

"ओ का दिली नाहीस गं?"

"मी झाकन हाय," ती म्हणाली.

मी रडता रडता हसले. दारात जमलेल्या बायाही हसल्या. आबा हसले नाहीत. ते न्हाणीच्या ओल्या जमिनीवर मटकन खाली बसले.

तिथूनच ते सांगू लागले. "बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडाया जायची. कामावरच्या मानसांना प्यायच्या पान्याचा झिरा खांदलेला, खोल खड्डाच. मी लई वांड. मला लुगड्याच्या धडप्यानं बाभळीला बांधायची. धडपा एकच व्हता. इमलीला मोकळी ठिवायची."

"इमली कोण, आबा?"

"पाठची बहीन. हिच्याएवढी. बसवली तिथं बसायची, म्हून तिला बांधायची गरज वाटली न्हाई." ते परीकडं बघत होते. "ती झिऱ्याकडं गेली ती मला झाडापासून दिसत व्हती. मी वरडलो. पर मला सोडा म्हून मी रोजच वरडायचो. कुनी वळून बघितलं न्हाई."

बाहेर टँकरचं पाणी कुणाच्या तरी टिपाडात पडत होतं.

आत्याबाईंनी आतून खुर्ची आणून ठेवली. आबा उठले, पण खुर्चीकडं गेले नाहीत. "सरक जरा," परीला म्हणाले आणि फरशीवर तिच्या शेजारी बसले. मी चहा तिथंच नेऊन दिला.

आत्याबाई त्या दिवसापासून परीला गुणी म्हणत नाहीत.