टोकेकरभाऊंची वेळ

प्रिय नीरज आणि मीरा,

इकडे येताना तुम्ही सिंगापूरला अर्धा दिवस थांबणार, आणि तेवढ्यात काय काय पाहायचं ते आत्ताच ठरवून बसला आहात, असं तुमची आई सांगत होती. ते ऐकून मला टोकेकरभाऊ आठवले. त्यांच्याबद्दल सांगणारं माझ्याशिवाय आता फारसं कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

भाऊंचं घड्याळ रेल्वेच्या घड्याळापेक्षा अर्धा तास मागे असे, आणि ते मुद्दाम. उज्जैनच्या वेधशाळेत दगडी सूर्ययंत्र आहे. त्यावरच्या सावलीवरून वेळ कळते. त्या सावलीवर भाऊ आपलं घड्याळ लावत. साऱ्या देशासाठी ठरवलेली वेळ त्यांना मान्य नव्हती. "ती मिर्झापूरकडची वेळ," ते म्हणत. "आपला सूर्य इथला. आपण परगावची वेळ का पाळायची?"

उज्जैनच्या माधवनगरात ते आमच्या शेजारी एकटेच राहत. पत्नी लवकर गेली, मुलगी कुसुम लग्न होऊन मंदसौरला. संस्थान विलीन झालं, मध्यभारत आला, भाऊ नोकरीला होते त्या सरकारी कचेरीवरची पाटी बदलली. भाऊंची खुर्ची तीच राहिली. सुट्टीच्या दिवशी ते स्टेशनावर जात. गाडी बदलायला थांबलेल्यांत मराठी बोलणं कानावर आलं, की पुढे होत. "संध्याकाळपर्यंत इथे माश्या मारत बसणार का? चला, उज्जैन दाखवतो."

मी तेव्हा मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. पाहुण्यांत बायका असल्या की भाऊ मलाही टांग्यात घेत. "या आमच्या मास्तरीणबाई. बी.ए. आहेत." म्हणजे प्रेक्षणीय स्थळांत माझीही गणना होती.

महाकाल, हरसिद्धीच्या दीपमाळा, भैरवगढचे कापडावर ठसे उमटवणारे कारागीर, आणि शेवटी वेधशाळा. कुणी गाडीची आठवण केली की भाऊ सावलीकडे बोट दाखवत. "बिलकुल फिकीर नको. खूप वेळ आहे." आम्ही स्टेशनात शिरायचो तेव्हा गाडीचा शेवटचा डबा दिसायचा. "गाडीचं काय, उद्यापण येईल. घरी चला." मग भाऊ स्वतः पिठलं-भात रांधत. टांगेवाला रहमतभाई तर वेधशाळेतच विचारी, "बाबूजी, सामान सीधे घर ले चलूँ?"

पुढे नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि कुसुमच्या नवऱ्याचीही तिकडे बदली झाली. ते निघाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याला कामावर हजर व्हायचं होतं. कुसुम आणि तिच्या सासूबाईही बरोबर होत्या. दुपारी उज्जैनला उतरून संध्याकाळची भोपाळची गाडी धरायची. लग्नानंतर कुसुम पहिल्यांदाच येत होती.

टांग्यात ती माझ्या कानाशी लागली. "ताई, गाडी चुकली तर मला जन्मभर ऐकावं लागेल. तुम्ही भाऊंना सांगा ना."

"सांगून बघते," मी म्हटलं. पण मला तरी कुठे खात्री होती?

वेधशाळेत सासूबाईंनीच विषय काढला. "काय हो व्याहीबुवा, तुमच्याकडे आलेला माणूस त्याच दिवशी परत जात नाही म्हणे?"

भाऊ हसले. सावलीकडे त्यांनी पाहिलंही नाही. "रहमतभाई, स्टेशन चलो."

"अभी से, बाबूजी?"

"अभी से."

आम्ही इतक्या लवकर पोहोचलो की फलाटावर बाकाखाली एक शेळी तेवढी झोपली होती. सासूबाई कुरकुरल्या, "एवढी घाई कशाला केलीत? सुनेचं माहेर बघायचं राहून गेलं."

"पुढच्या वेळी," भाऊ म्हणाले.

गाडी वेळेवर आली आणि वेळेवर सुटली. परतताना मी विचारलं, "म्हणजे रेल्वेची वेळ तुम्हाला कळते तर?"

"कळते की. न कळायला काय झालं?" मग ते म्हणाले, "मास्तरीणबाई, घरी श्रीखंड केलंय. तुमच्याकडच्या सगळ्यांना जेवायला घेऊन या."

आम्ही गेलो. बाहेरच्या खोलीत स्वच्छ चादरी घालून तीन गाद्या अंथरलेल्या होत्या. त्यांच्या शेजारीच आमची पानं मांडली होती, आणि भाऊ नको म्हणू देत नव्हते.

भाऊंना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं घर पाडून तिथे दुकानं झाली. कुसुम भोपाळला असते, आणि आमचं येणंजाणं अजून टिकून आहे.