अण्णांची मेमरी

चौकशी केल्याशिवाय त्र्यंबक टिपणीसने आयुष्यात टाचणीसुद्धा विकत घेतली नव्हती. वागळे इस्टेटमधल्या एका पंपांच्या कारखान्यात तो परचेस ऑफिसर होता. नटबोल्टपासून क्रेनपर्यंत काहीही घ्यायचं असो, चार माणसांना विचारायचं, चौघांची उत्तरं समोर मांडायची, की काय घ्यायचं ते आपोआप कळतं, अशी त्याची खात्री होती. डोंबिवलीच्या सोसायटीत लोक कुकर घेण्याआधी त्याला विचारून जात. त्यामुळे वडिलांसाठी कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा तो बायकोला म्हणाला, "सुमेधा, आठवडाभरात घरात मशीन येतं बघ."

सुमेधाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. लग्नानंतर मिक्सर घ्यायला त्याने वर्ष लावलं होतं.

कॉम्प्युटरचं खूळ आलं ते घोडबंदर रोडवरून. त्र्यंबकचा आतेभाऊ बाळ तिथल्या एका नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेला, त्याच्या वास्तुशांतीला सगळे गेलेले. जेवणं झाल्यावर बाळने अण्णांना कॉम्प्युटरवरचा विमान चालवायचा गेम दाखवला. अण्णा, म्हणजे हरिहर टिपणीस, तरुणपणी वैमानिक व्हायला निघाले होते. डॉक्टरांनी डोळे तपासले आणि घरी पाठवलं. त्यानंतर उभा जन्म बँकेत गेला. त्या दुपारी ते खुर्चीत बसले ते उठेनात. श्रीखंडाची वाटी बाजूला तशीच. परत येताना रिक्षात ते एकच वाक्य बोलले, "उजवीकडे वळताना पंख खाली जातो रे, खरोखर जातो."

त्र्यंबकला ते वाक्य लागलं. त्याने मशीन घ्यायचं ठरवलं, पण अण्णांना सांगायचं नाही असंही ठरवलं. आधी आणू, मग दाखवू.

पडदा, कीबोर्ड, डबा हे सगळं लवकर ठरलं. गाडी अडली ती मेमरीपाशी. ऑफिसातला कॉम्प्युटरवाला म्हणाला, "चार एमबी पुष्कळ झाली साहेब, आपल्या पगाराचं सगळं काम चारवर चालतं." डोंबिवली स्टेशनजवळच्या दुकानदाराने आठ सांगितली. ठाण्याच्या दुकानदाराने आधी त्र्यंबकचा टाय बघितला आणि मग बत्तीस सांगितली. एका मासिकात लिहिलं होतं की ते गरजेवर अवलंबून आहे. चार माणसांना विचारलं की उत्तर मिळतं, हा त्र्यंबकचा सिद्धांत पहिल्यांदाच उताणा पडला. त्याने आणखी चौघांना विचारलं. आता त्याच्याकडे आठ उत्तरं होती आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत त्याचं डोकं दुखायला लागलेलं असायचं.

शेवटी बाळलाच विचारावं असं त्याने ठरवलं. घरचा फोन बंद पडला होता, म्हणून तो समोरच्या कमळाबाईंकडे गेला. कमळाबाई स्वयंपाकघराच्या दारात बसून वालाचं बिरडं सोलत होत्या. त्यांना फोनची एकच बाजू ऐकू आली.

"बाळ, त्र्यंबक बोलतोय. अण्णांसाठी विचारायचं होतं रे. मेमरीचं. आठात भागेल?... नाही? मग काय होईल?... मधेच सगळं थांबणार? म्हणजे नुसतं एका जागी बघत राहायचं?... अरे देवा. आणि नंतर वाढवता येते ना?... उघडून? आत बसवायची? कोण उघडणार, तू? नको रे, तू नको हात लावू, ठाण्याच्या माणसाकडूनच करून घेऊ... नाही, अण्णांना काही बोललेलो नाही. उगाच आशा लागायची."

त्र्यंबकने फोन ठेवला, थकल्या चेहऱ्याने "येतो हं" म्हटलं आणि तो गेला. कमळाबाईंच्या हातातलं बिरडं तसंच राहिलं. काय ऐकलं ते कोणालाही सांगायचं नाही असा त्यांनी निश्चय केला, आणि तो निश्चय त्यांनी त्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या केशरबाईंना सांगितला.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांचं आयुष्य बदललं. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण हात जोडून, शब्द सुटे सुटे करून बोलायला लागला. "नमस्कार अण्णा. मी केशरबाई. दुसरा मजला." सोसायटीचे चेअरमन भाऊ दळवी गेटपाशी भेटले. "अण्णा, मी भाऊ. आज बुधवार." मासे घेऊन येणारी मंजुळा पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "अन्ना, मना वलखलाव ना? मी मंजुला, म्हावरंवाली." आणि तिने दोन बोंबील जास्तीचे टाकले.

घरात ब्राह्मीचं तेल आलं. भिजवलेले बदाम आले. कोणीतरी अक्रोडाची पिशवी दाराला अडकवून गेलं. सुमेधाला वाटलं, अण्णांचा वाढदिवस आपण विसरलो की काय, म्हणून तिने घाईघाईने शिरा केला.

अण्णा मात्र गंभीर झाले. एका संध्याकाळी त्यांनी त्र्यंबकला जवळ बसवलं.

"या सोसायटीचं काहीतरी बिघडलंय," ते म्हणाले. "भाऊ मला रोज स्वतःचं नाव सांगतो. इतकी वर्षं शेजारी राहतोय, आणि त्याला आठवत नाही की मी त्याला ओळखतो. केशरबाईंचंही तेच. टाकीच्या पाण्यात काही असेल का रे?"

"तुम्ही काय करता मग?" त्र्यंबकने विचारलं. त्याच्या डोक्यात आठ आणि सोळा एकमेकांना ढकलत होते, त्यामुळे त्याचं अर्धंच लक्ष होतं.

"काय करणार? बिचाऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून मीही सांगतो. नमस्कार, मी हरिहर. पहिला मजला. हो, बुधवार."

ही बातमी सोसायटीत पसरली तेव्हा उरलीसुरली शंकाही फिटली.

रविवारी सकाळी गच्चीवर सोसायटीची सभा होती. अण्णा सोसायटीचे सेक्रेटरी होते. बिल्डिंग उभी राहिली तेव्हापासून तेच होते, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं. त्र्यंबक मागच्या रांगेत बसला. रात्रभर विचार करून त्याने सोळा नक्की केली होती आणि सकाळी दाढी करताना परत आठवर आला होता. भाऊ उठून उभे राहिले, त्यांनी घसा खाकरला, आणि बोलता बोलता अण्णांच्या खांद्यावर शाल घातली. नारळ हातात दिला.

"अण्णांनी आपल्यासाठी खूप केलं," भाऊ म्हणाले. "आता त्यांनी विश्रांती घ्यावी. सेक्रेटरीपदाच्या कटकटीतून आपण त्यांना मोकळं करतोय."

"कोणी मागितलीय विश्रांती?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, तुम्ही बसा. मी भाऊ."

"अरे, माहितेय मला तू भाऊ आहेस."

कमळाबाईंना राहवलं नाही. त्या पदराने डोळे पुसत उठल्या. "लपवून काय होणार? अण्णा, तुमची मेमरी जातेय. त्र्यंबकने ठाण्याला डोक्याचं ऑपरेशन ठरवलंय तुमचं. उघडून नवीन बसवणार आहेत."

सगळी सभा मागे वळून त्र्यंबककडे बघायला लागली. तो उभा राहिला. खरं सांगावं तर गुपित फुटणार होतं, आणि न सांगावं तर वडिलांचं डोकं फुटणार होतं. त्याने सगळं सांगितलं. बाळचा फोन, विमानाचा गेम, चार, आठ, सोळा, बत्तीस.

अण्णांनी शाल काढली नाही. "विमान?" त्यांनी त्र्यंबकला विचारलं. "आपल्या घरात?" तो हो म्हणाला. मग ते हळूच सभेकडे वळले.

"म्हणजे माझी मेमरी जातेय म्हणून मला काढताय," ते म्हणाले. "भाऊ, अँटेना लावताना टाकीचं झाकण तू फोडलंस आणि माकड आलं होतं म्हणून सांगितलंस. माझ्या लक्षात आहे. केशरबाई, तुमचे पाहुणे म्हणून जे गृहस्थ आठ महिने राहिले ते भाडेकरू होते. कमळाबाई, सार्वजनिक सत्यनारायणाला आपल्या सोसायटीची मोठी परात हरवली, ती तुमच्या माळ्यावर…"

"अण्णा, पुरे," भाऊ म्हणाले.

पण आता मागे फिरणं आणखीच कठीण झालं होतं. मेमरी गेलेला सेक्रेटरी एक वेळ परवडला असता. इतकं सगळं लक्षात ठेवणारा कोणालाच नको होता. केशरबाईंनीच घाईने सुचवलं की सेक्रेटरीपद घरातल्या घरात राहावं. त्र्यंबक चौकशी फार चांगली करतो. कमळाबाईंनी अनुमोदन दिलं. त्र्यंबक "अहो पण" म्हणेपर्यंत टाळ्या वाजल्या.

"आणि मेमरीचं काय?" कोणीतरी विचारलं.

त्यावर चर्चा झाली. सभेत कोणाच्याच घरात कॉम्प्युटर नव्हता, त्यामुळे प्रत्येकाला मत होतं. भाऊंनी सांगितलं की पहिल्यापासून मोठी घेतली की मशीन आळशी होतं. कमळाबाई म्हणाल्या, माणूस एकटा, त्याला सोळा कशाला? शेवटी हात वर करून मतदान झालं आणि टिपणीसांच्या घरी आठ एमबी घ्यावी असा ठराव मंजूर झाला. त्र्यंबक इतका दमला होता की त्याला ते बरंच वाटलं. निदान कोणीतरी ठरवलं होतं.

मशीन आलं. बाळने येऊन गेम घातला आणि तोंड वाकडं केलं. अण्णा चष्मा पुसून बसले. धावपट्टी मागे सरकायला लागली, झटके देत देत विमान उचललं गेलं, खाली शेतं दिसली, नदी दिसली. अण्णांनी उजवीकडे वळवलं. पंख खाली गेला. आणि तिथेच सगळं थांबलं. ढग, नदी, पंख, सगळं जागच्या जागी.

त्र्यंबक कपाळाला हात लावून खुर्चीत बसला. "सोळाच घ्यायला हवी होती, अण्णा. मी बदलून आणतो."

"काही नको," अण्णा म्हणाले. ते पडद्यापासून नजर हलवत नव्हते. "वर आहे ना ते? मग राहू दे तसंच. मला जरा खाली बघू दे."

त्र्यंबकनेही बघितलं. नदी छान होती. किती दिवसांनी तो असा नुसता बसला होता. तेवढ्यात बेल वाजली आणि सुमेधाने दार उघडलं. दारात केशरबाई होत्या, हातात रिकामी बादली.

"सेक्रेटरी आहेत का घरात? सकाळपासून पंप चालू होत नाहीये."

अण्णांनी मान वळवली नाही.

"त्र्यंबक," ते म्हणाले, "तुला बोलावतायत."